समुद्राशिवायचा किनारा

धरणाकडून वारा असा सुटला, की त्याच्या हातातला कागद उडाला आणि थेट माझ्या परातीतल्या पिठावर येऊन बसला.

“सॉरी...” तो ओशाळला. “मी अंकुश. सेलूहून आलो. बहिणीच्या साखरपुड्यासाठी तुमच्या ‘किनारा’ ढाब्याचं लॉन पाहिजे होतं.”

मी पीठ झटकत कागद वाचला. मांडव, खुर्च्या, माईक... आणि शेवटी – ‘स्वयंपाकी आपला, भांडी आपली, पाणीही आपलंच.’

त्याची नजर गल्ल्यामागच्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली. मग माझ्यावर. कान लालेलाल झाले त्याचे.

“काकांनी लिहिलं. मी... वाचलं नव्हतं.”

“मंग आता वाचा. अन् काकांले सांगजा, ‘किनारा’ रिकामा नाई.”

वाटलं, गेला. पण रविवारी पुन्हा हजर! एकटाच. वांग्याचं भरीत-भाकर मागवली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर जेवला.

“इकडं समुद्र तर नाई. मंग ‘किनारा’ काऊन?”

“आत्यानं ठेवलं. पाणी दिसते तिथं किनारा, म्हणे.”

मग सांगितलंच मी त्याला सगळं. सुलोचना आत्याचं गाणं सासरच्यांनी बंद केलं, तर तिनं सासरच सोडलं. बोर धरणाच्या वाटेवर ताडपत्री टाकून चहा विकला, आणि दर शनिवारी संध्याकाळी गायली. कव्वाली, गझल, भीमगीतं. बाईनं गाऊ नये म्हणून कोणी वायर कापली, तर कंदिलाच्या उजेडात गायली. ताडपत्री जाळली, तर उघड्यावर मैफल लावली. त्या दिवशी गिरडहून कव्वाल आले, आंजीहून लोक बैलगाड्या भरून आले! आता वर्ध्याहून कॉलेजची पोरं येतात आणि टेबलं सरकवून नाचतात.

“अन् तुम्ही? गाता?”

“माह्या भाकरीच गातेत.”

“तरीच...” तो हळूच हसला. “घरी गेलो तरी ऐकू येते.”

मी मान फिरवली. गालावरचं हसू मात्र फिरेना.

मग प्रत्येक शनिवारी काकांच्या दुकानातलं काम आटोपून तो आला. ‘तुम्ही’चं कधी ‘तू’ झालं, कळलंच नाही. तिसऱ्या महिन्यात, पाण्याच्या कडेला उभं राहून तो म्हणाला, “गुंजन... तू मले आवडते. पण... सध्या कोणाले सांगू नको. दोनेक वर्षानं पाहू.”

काळीज आधी फुललं, मग टणक झालं.

“लपूनछपून मले नाई जमत, अंकुश. हिंमत झाली की येजो. नाई झाली तर... येऊच नको.”

दोन शनिवार तो आला नाही. माझ्या भाकरी करपत होत्या. आत्यानं परात माझ्या हातातून काढून घेतली.

तिसऱ्या शनिवारी आला, आणि अगदी पुढच्या टेबलाला बसला. मागोमाग जीप थांबली. त्याचे भैय्याजी काका उतरले. आत्याचं गाणं थांबलं.

“चाल घरी.”

अंकुश उठला नाही. “काका, सकाळीच सांगितलं ना तुम्हाले. मी गुंजनसंग लग्न करतो. तुम्हीही बसा... जेवून जा.”

“दुकानाची पायरी चढू नको मंग!”

“नाई चढत.”

काका गेले. त्यांच्यामागं चार-पाच टेबलंही रिकामी झाली. आत्यानं माईक उचलला आणि तुटलेली ओळ तिथूनच पुन्हा धरली.

मी ताट घेऊन गेले.

“हातपाय कापून राह्यले, गुंजन.”

“मंग? जातो घरी?”

“नाई ना... भूक लागली.”

घरच्यांनी गिऱ्हाइकाच्या टेबलाला बसायचं नाही, हा आत्याचा तीस वर्षांचा नियम. मी खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी बसले आणि सगळ्यांदेखत त्याचा हात घट्ट धरला.

आत्यानं गाता गाता पाहिलं... आणि आवाज आणखी चढवला.