फोटो काढणारा

चष्म्याचं दुकान दुपारी बंद करून तो बायकोच्या फोटोंचं प्रदर्शन बघायला निघाला, तेव्हा तोंड दाखवून लगेच परत यावं एवढंच त्याच्या मनात होतं.

शाळेतली चित्रकला शिकवायची नोकरी संपल्यावर लेकीनं तिला कॅमेरा घेऊन दिला होता. तेव्हापासून ती घरातल्या घरात काहीबाही टिपत बसायची. कपातून निघणारी वाफ, वाळत घातलेल्या चादरीतून झिरपणारं ऊन, अर्धवट सोललेलं संत्रं. "संत्र्याचा कसला फोटो काढतेस?" असं त्यानं एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली होती, "खाल्लं की संपतं ना ते, म्हणून."

वाचनालयाच्या हॉलमध्ये ते संत्रं आता भिंतीवर होतं आणि माणसं त्याच्यापुढे थांबत होती. त्यालाही, का कोण जाणे, बरं वाटलं.

पलीकडच्या भिंतीवरच्या फोटोंत मात्र ती स्वतः होती. ओले केस पुसताना. पाय पोटाशी घेऊन खिडकीत वाचताना. एका फोटोत तर संत्र्याची फोड पुढे करून ती कॅमेऱ्यामागच्या माणसाला भरवायला निघाली होती. चष्मा नाकावर घसरलेला, आणि हसू असं, की आपण कुणाच्या तरी घरात चोरून डोकावतोय असं त्याला वाटलं.

"काढणाऱ्याचा फार जीव आहे हो यांच्यावर," शेजारी उभी असलेली एक बाई मैत्रिणीला म्हणाली.

त्यानं त्या कॅमेऱ्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता.

रात्री जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझे ते फोटो कुणी काढले?"

"तुम्हीच की."

"मी? मी कधी काढले?"

"पुरे झाली थट्टा. जेवा," ती म्हणाली आणि त्याला वाढू लागली.

थट्टा त्याच्या स्वभावातच नव्हती. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणजे कुणीतरी आहे. आपण दुकानात असताना येतं, आपल्या खुर्चीत बसतं, आपल्या कपातून चहा पितं. मग तो घरात बारीक नजर ठेवू लागला. संध्याकाळी परतला की ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले दिसायचे. वर्तमानपत्राची घडी कुणीतरी त्याच्याच पद्धतीनं घातलेली असायची.

शेवटी त्यानं शेजारच्या वहिनींना जिन्यात गाठून आडून आडून विचारलं, "दुपारी आमच्याकडे कुणी येतं का हो?"

"कोण येणार? तुम्हीच असता की," वहिनी हसल्या. "हल्ली दुपारी घरी येता, बरं वाटतं बघून. तुम्हा दोघांचं हसणं थेट आमच्याकडे ऐकू येतं."

वहिनीही सामील आहेत, असं त्यानं मनाशी धरलं.

प्रदर्शन संपून फोटो घरी आले, तेव्हा त्यानं संत्र्याच्या फोडीचा तो फोटो हळूच पिशवीत घातला आणि दुकानात नेऊन भिंगाखाली धरला. तिच्या चष्म्याच्या काचा त्यानं स्वतः बसवलेल्या. काचेत समोरचं सगळं उमटतं, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

उमटलं होतंच. खिडकी, टेबलाचा कोपरा, आणि कॅमेरा धरलेला एक पुरुष. अंगात राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला. माझा स्वेटर घालतो! त्यानं जास्त ताकदीचं भिंग घेतलं.

कॅमेऱ्याच्या कडेनं अर्धा चेहरा दिसत होता. तो त्याचाच होता. आणि चेहरा हसत होता. हसताना आपण असे दिसतो, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि तडक घरी निघाला.

दाराशी पोचला तेव्हा आत ती खळखळून हसत होती. मग पुरुषाचा आवाज आला, हलका, लाडातला. "हलू नकोस. अशीच बस. बघ, काय ऊन आलंय तुझ्या गालावर."

आवाज ओळखीचा होता. बोलणं त्याचं नव्हतं. असं काही तो जन्मात बोलला नव्हता.

त्यानं दार उघडलं.

ती खिडकीत एकटीच बसली होती. त्यानं स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली, कपाटामागे पाहिलं. कुणी नव्हतं. बाहेर जायला दुसरं दार नव्हतं. टेबलावर कॅमेरा होता. त्यानं उचलला. डोळा लावायच्या काचेवर श्वासाची वाफ धरलेली होती. बघता बघता ती विरून गेली.

"कोण होतं?"

"कुठे?" तिनं विचारलं.

तिच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो तिच्यासमोर खुर्चीवर बसला. "बस तिथेच," तो म्हणाला. "मी काढतो तुझा फोटो."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. पलीकडे तिचा चेहरा सभ्य होता, बंद होता. दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक बसतं, तशी ती बसली होती.

"हस की गं."

तिनं प्रयत्न केला.

काय बोललं की ही हसते, ते त्याला आठवेना. आठवेना, की कधी ठाऊकच नव्हतं?

"हलू नकोस," तो कसंबसं म्हणाला. "बघ, काय ऊन..."

ते शब्द त्याच्या तोंडी उसने वाटले. ती अवघडली.

"राहू द्या ना," ती म्हणाली. परक्या माणसाचं मन मोडू नये इतक्या हळुवारपणे. "हे येतीलच एवढ्यात. ते काढतील."

दाराबाहेर कुणीतरी चपला काढल्या.

तिनं लगबगीनं केस सारखे केले. आणि तो, कॅमेरा टेबलावर ठेवून, यजमान आल्यावर पाहुणा उठतो तसा खुर्चीवरून उठून उभा राहिला.