चीनच्या राणीला जत्रेचं आवतण

ऋतिक, तो मोबाईल ठेव खाली. समीक्षा, तू इकडं सरक गो, माझ्या बाजूला. त्या खांबापाशी नको बसू. का ते सांगतो.

तीन वर्षं झाली. पौष पौर्णिमेची आदली रात्र, म्हणजे दुसऱ्या दिवशी आपल्या म्हसा गावची जत्रा. पाव्हण्यांना तांदूळ कमी पडत होता, म्हणून मी गाडी काढली आन गेलो धसईला, पंढरीकडं. पंढरी म्हणजे माझा शाळेपासनंचा दोस्त. त्याची बायको सकुबाई त्या आषाढात गेली. पोरगा जीवन पुण्याला. त्यानं आईबापाला चीनच्या सहलीची तिकिटं काढून ठेवलेली. आई गेली तर म्हणतो, "बाबा, तुमी तरी जाऊन या." आता सांगा, एकट्या माणसानं काय बघायचं तिकडं? पण गेला बिचारा.

मी पोचलो तेव्हा पंढरी जेवायला बसत होता. समोर दोन ताटं वाढलेली.

"कोण आलंय रे?" मी विचारलं.

"बस. सांगतो."

राजवाडे, ती मोठी भिंत, सगळं दाखवलं म्हणे. गाईड पोरगी पिवळं निशाण धरून पुढं, आन हे सगळे मेंढरांसारखे मागं. शेवटी नेलं एका जुन्या राणीच्या थडग्यात. जमिनीखाली, दगडी खोल्या. राणीचे पाय वाढू नयेत म्हणून लहानपणीच बांधलेले, पाऊल मुठीएवढं. राजा तिच्याकडं कधी फिरकलाच नाय. मेल्यावर तिच्या बाजूला त्याची जागा ठेवली, पण त्याला पुरला दुसरीकडंच. ती जागा अजून रिकामी.

"बाहेर निघताना कपडे झटका, 'मी परत आलो' म्हणा आन मागं वळू नका, नायतर आतलं कुणी मागं येतं, असं गाईडनं बजावलं होतं," पंढरी म्हणाला. "सगळे म्हणाले. मी वळलो रे. ती रिकामी जागा बघून सकुची खाट आठवली. तोंडातनं निघून गेलं, येतो बाय, तुमी पण या आमच्याकडं जत्रेला. घरी आलो त्या रातीपासनं ती हाय इथं."

आपली सवयच ती! कुणाला 'या' म्हटल्याशिवाय उंबऱ्यातनं पाय निघतो का आपला?

"येडा का खुळा तू?" मी ओरडलो. "आत्ताच्या आत्ता कपडे झटक. म्हण, मी परत आलो!"

पंढरीनं दुसऱ्या ताटात अजून थोडा भात वाढला.

"म्हण ना!"

"नको," तो म्हणाला. "ती गेली तर मी परत एकटा... सकु गेल्यापासनं माझ्यासंगं कुणी जेवलं नाय रे."

मी दुसऱ्या ताटाकडं बघितलं. भाताची वाफ निघत होती. मग... भातात खड्डा पडला. बोटांनी घास उचलल्यासारखा. ताटापाशी कुणी नाय.

मी तांदळाची गोणी उचलली. उंबऱ्यावर आलो. आन तोंडातनं... सवयीनं...

"येतो रे. उद्या या दोघं. जेवायलाच या."

गाडीवर मागं गोणी. गार वारा. घर येईपर्यंत मागं बघितलं नाय.

सकाळी पंढरी दारात. पायात चप्पल नाय.

"घर रिकामं झालं रे. तुझ्याकडं आली का?"

तुमच्या आजीनं जत्रेसाठी ओटी ताजी सारवली होती. मी त्या खांबापाशी बोट दाखवलं. एक पाऊल. मुठीएवढं. पुढं निमुळतं.

पंढरी खाली बसला, त्या पावलावर हात ठेवला आन ढसाढसा रडला. "चल गो घरी," म्हणत होता. सकुबाई गेली तेव्हासुद्धा असा रडला नव्हता. मग रोज यायचा. खांबापाशी बसायचा, तिच्याशी चार शब्द बोलायचा, जायचा. मागच्या साली तो वारला. त्याच्या मागनं तुमची आजी.

पाऊल? कितीक येळा सारवलं. वाळलं की परत उमटतं.

काय म्हणतेस समीक्षा? मी झटकू कपडे? ... उद्या तुमी कल्याणला जाल गो. मग या घरात कोण?

ऋतिक, बॅटरी मार त्या खांबापाशी. दुपारी मीच सारवलंय... बघ. टोक कुठल्या बाजूला हाय? आत घराकडं ना? बाहेर नाय ना?

मग ऱ्हाऊ दे.