चार बोटांचं पाऊल

पहिल्याच भेटीत बाईंचा बूट चिखलात राहिला आणि पाय तेवढा बाहेर आला. सहावीची अख्खी तुकडी समोर, बाई बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या, आणि मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "ओढू नका. आधी टाच हलवा, आत हवा जाऊ द्या. मग आपणहून सुटतो."

"कोण? चिखल की बूट?"

"दोघंही. चिखलाशी जबरदस्ती चालत नाही."

बोलणारे गृहस्थ तळ्याकाठच्या निसर्ग केंद्रात एकटेच नोकरीला होते. सहलीला आलेल्या मुलांना ते मातीचे थर, किडे, पक्षी शिकवायचे, आणि मुलं त्यांना चिखलेसर म्हणायची. बूट हातात देताना त्यांनी मान वर केली, आणि... विज्ञानाच्या बाईंना नाडीचे ठोके मोजता येत होते, पण त्या दिवशी त्यांनी ते मोजले नाहीत. भलतंच काही निघालं असतं.

त्यानंतर बाईंच्या सहली वाढल्या. खडकांचा धडा आला, चला तळ्यावर. बेडकाचा आला, चला तळ्यावर. गुरुत्वाकर्षणासाठीही त्यांनी तळंच मागितलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या वर्षापासून सहलीच बंद करून टाकल्या. मुलांना वर्गात पडदा लावून दाखवा म्हणाले, तोच चिखल आणि तेच बेडूक.

म्हणजे आजची सहल शेवटची. मागच्या खेपेला निघताना चिखलेसर म्हणाले होते, "पुढच्या वेळी याल तेव्हा... तुमच्याशी एक बोलायचं आहे." तेव्हापासून बाई त्या एका वाक्यावर जगत होत्या. आज ते मूग गिळून बसले, तर पुन्हा इथे यायला निमित्त उरणार नव्हतं.

तळ्यावर धुकं होतं. दुपार व्हायला आली तरी हटत नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एकही पक्षी ओरडत नव्हता, आणि मुलंसुद्धा कुणी न दटावता हळू आवाजात बोलत होती. असं बाईंनी त्या तुकडीच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं.

चिखलेसरांची शिकवायची एक रीत होती. सहल येण्याआधी ते ओल्या चिखलात पावलांचं कोडं रचून ठेवायचे. लाकडाचे पंजे आणि जुनी पायताणं दाबून ठसे उमटवायचे. इथून कुत्रा आला, इथे खेकडा थबकला, इथे कुणीतरी आपटलं. मुलांनी ठसे वाचून काय घडलं ते सांगायचं, आवडेल त्या ठशाभोवती पुठ्ठ्याचं कडं रोवून प्लास्टर ओतायचं आणि वाळलेला साचा घरी न्यायचा.

"बाई, इकडचं कोडं भारी आहे," लव्हाळ्यापलीकडून एका वेणीवालीने हाक मारली. "एक बूटवाला चाललाय, आणि त्याच्या शेजारून एक बाई. अनवाणी."

"बाईच कशावरून?"

"पाऊल बारीक आहे, खोल गेलेलं नाही. तो थांबला की तीपण थांबते. आणि बघा ना, तिच्या डाव्या पायाला चारच बोटं आहेत."

"त्याच्या ठशांतलं पाणी निवळलंय," तिची मैत्रीण वाकून म्हणाली. "तिच्या ठशांतलं अजून गढूळ आहे. म्हणजे ती आत्ताच गेलीय."

बाईंना आधी कौतुक वाटलं. मग बुटाचा ठसा ओळखीचा वाटला, आणि कौतुकाच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. त्या तडक चिखलेसरांकडे गेल्या. ते बादलीत प्लास्टर ढवळत होते.

"कोडं छान रचलंत," बाई म्हणाल्या. "पण चालवलंत कुणाला? आमच्याआधी कुणी पाहुणी येऊन गेलेली दिसते."

"पाहुणी?"

"लव्हाळ्यापलीकडे. तुमच्या अगदी खांद्याला खांदा लावून. चार बोटांची."

त्यांचा हात थांबला तो थांबलाच. बादलीतलं प्लास्टर दगड व्हायला लागलं.

"तिकडे मी कोडं मांडलेलं नाही, बाई," ते म्हणाले. "सकाळी फेरी मारली फक्त. एकट्याने."

मुलांना आधी ओतून वाळलेल्या साच्यांवर नाव कोरायला बसवून दोघं लव्हाळ्यापर्यंत गेली. चिखलेसर ठशांकडे न बघता बोलत होते.

"माझी बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून वर उचललेली, जमिनीला टेकायचीच नाही. सकाळची फेरी आम्ही बरोबर मारायचो. ती गेल्यावरही ठसे उमटत राहिले... मला वाटलं, माझं डोकं फिरलंय. बरंच होतं एका अर्थी. वेड्याला औषध तरी असतं. आज तुमच्या मुलांनी ते वाचले."

बाईंची पाचावर धारण बसली. "हेच बोलायचं होतं का तुम्हाला?"

"नाही हो. बोलायचं ते वेगळंच होतं." ते कसंनुसं हसले. "पण माझ्या शेजारची जागा रिकामी नाही. अशा माणसाने कुठल्या तोंडाने विचारायचं?"

रस्त्यावरून बसचा भोंगा वाजला. त्याच वेळी दोघांच्या मधोमध, जिथे कुणीही उभं नव्हतं, तिथे चिखल हळूच खाली दबला. पचक. एक टाच, एक चवडा, चार बोटं... बोटं बाईंच्या दिशेने. ठशात गढूळ पाणी झिरपत वर आलं.

बाईंना भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पाय बसच्या दिशेने वळलेसुद्धा. पण बसमध्ये खिडकीशी बसायचं, हात हलवायचा आणि काही न बोलता जन्मभरासाठी निघून जायचं, याची भीती त्या ठशाच्या भीतीहून मोठी निघाली. त्या मागे वळल्या. रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि बसच्या बाकावर जागा मागताना बोलतात तशा आवाजात म्हणाल्या,

"ताई, जरा सरकून घ्या. मलाही त्यांच्या बाजूने चालायचंय."

धुकं हललं नाही. चिखलेसरांनी श्वास रोखून धरला होता. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि बाईंना वाटलं, आगाऊपणा केला आपण.

पचक.

चिखलेसरांच्या पलीकडच्या बाजूला, हातभर अंतरावर, एक पाऊल उमटलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. तिथून पुढे ते कुठे गेलं नाही.

चिखलेसरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाई मधल्या त्या गढूळ ठशाला वळसा घालून त्यांच्या जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरांचा प्लास्टरने माखलेला हात हातात घेतला.

"आता विचारा काय विचारायचं ते," त्या म्हणाल्या. "दोघींच्या देखत."