नाकाड्याच्या दोन पट्ट्या

वास गेला तरी कुठे? मघाशी प्रथमेशकाकाने मासे ठेवायच्या खणाचं झाकण उघडलं, तेव्हा सडक्या अंड्यांसारख्या भपकाऱ्याने मीनलला मळमळलं होतं. वादळामुळे काकाचा विजेवर चालणारा मासेमारीचा ट्रॉलर मालवणच्या किनाऱ्याला अडकून पडला, बर्फ वितळला आणि आतली मासळी कुजली. आता मात्र काही म्हणजे काही वास येईना.

"वास गेलो, म्हणजे वायू पण गेलो!" म्हणत काकाने खण धुवायला आतल्या शिडीवर पाय ठेवलासुद्धा.

"थांब काका! आधी नाकाड्याला सोडू."

नाकाड्या म्हणजे मीनलच्या शास्त्रज्ञ आत्याने बनवलेला खेकड्याएवढा यंत्रमानव. मीनलने त्याला दोरीने खाली सोडलं. त्याच्या सोंडेवर दोन पट्ट्या होत्या. दोन्हींवर कथिलाच्या ऑक्साइडचा (कथिल आणि ऑक्सिजनच्या संयुगाचा) केसाहून कितीतरी पातळ थर होता.

"शुद्ध पट्टी म्हणते, धोका नाही," नाकाड्याने वर्दी दिली. "भेसळीची पट्टी म्हणते, हायड्रोजन सल्फाइड! जीवघेणा वायू!"

"शुद्ध सोडून भेसळीचा कोण आयकता?" काका हसला आणि एक पायरी उतरला.

मीनलने घाईने विचारलं, "नाकाड्या, भेसळ कसली? लवकर सांग!"

"तांब्याची. किंचितच. याला डोपिंग (गुण बदलण्यासाठी दुसऱ्या पदार्थाचे मोजके अणू मिसळणे) म्हणतात. पट्टीतून वीज वाहते. तांब्याच्या ऑक्साइडचे कण तिची वाट अडवून बसतात. हा वायू लागला की त्या कणांचं सल्फाइड होतं, आणि त्यातून वीज सुसाट जाते."

"म्हणजे वायूच फाटक उघडतो! आणि शुद्ध पट्टीत?"

"तिथे फाटकच नाही. थंड असताना तिला हा वायू फारसा कळत नाही."

"आणि आमच्या नाकाला?"

"वायू वाढला की माणसाचं नाक बधिर होतं."

मीनलने काकाचं मनगट घट्ट धरलं. "काका, वास नाही गेला, आपलं नाक गेलंय! वर ये आधी!"

काकाचं हसू मावळलं. तो वर आला आणि दोघं खणापासून लांब सरकली. मोठा पंखा लावून त्यांनी आत ताजी हवा सोडली. नाकाड्याने पट्टी तापवून पूर्ववत केली, पुन्हा हुंगलं, पुन्हा पंखा. अखेर दुपारी भेसळीची पट्टी गप्प झाली. काका उतरला, खण धुऊन धडधाकट वर आला आणि त्याने मीनलला खांद्यावर उचलून अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "आमच्या मीनलने माझो जीव वाचवलो!"

शेजारच्या ट्रॉलरवर खण उघडायला निघालेल्या तांडेलाने, म्हणजे तिथल्या खलाशांच्या म्होरक्याने, हात मागे घेतला. "मीनल, तुझ्या नाकाड्याक आमच्याकडे पण धाड गो!"

"प्रत्येक ट्रॉलरवर एकेक नाकाड्या द्यायला आत्याला सांगते," मीनल म्हणाली. "तोवर सगळे झाकणापासून लांब व्हा!"

आणि आरोळी ऐकून जमलेले ते दांडगे खलाशी निमूटपणे मागे सरले.