बारा बंदरांचं कार्ड

माझी नात नभा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. ताट पुढं सरकवलं की भिंतीकडे तोंड करायची. दहा वर्षांची पोर, पण रुसवा असा की जणू हे घर तिच्याच जिवावर चाललंय. मी चार यत्ता शिकलेली, पण सहा माग एकटीनं चालवले. मला असलं वागणं खपत नाही.

झालं ते असं. माझा मुलगा शिरीष, म्हणजे नभाचा बाप, गेला. आमच्याकडे तेराव्याला गेलेल्याच्या वस्तू नात्यातल्यांना देतात. त्याचा गेम-कन्सोल (हातात धरून खेळायचं यंत्र) मी भाच्याच्या मुलाला, तन्मेशला, द्यायचा ठरवला.

"नभा, आण लवकर! पाहुणे निघाले!" मी ओरडले.

ती खेळ चालू करून बसली होती. तिनं कडेचं मेमरी कार्ड (नखाएवढी पट्टी, जिच्यात सगळं साठतं) हिसकून काढलं आणि यंत्र माझ्यापुढं आपटलं. मग ते कार्ड स्वतःच्या यंत्रात घातलं. पडद्यावर आलं, 'कार्ड रिकामं आहे.'

पोर किंचाळलीच. त्या खेळात बारा बंदरं होती आणि प्रत्येक बंदरावर शिरीषनं तिच्यासाठी आपला आवाज भरून ठेवला होता. शेवटचा दवाखान्यातून. मला हे आधी कुणी सांगितलं होतं का?

दोन दिवसांनी मी ते कार्ड उचललं, पदरानं पुसलं, फुंकलं, पुन्हा खाचेत घालायला गेले.

"आजी, थांबा!" चिमटा म्हणाला. चिमटा म्हणजे आमचे माग दुरुस्त करणारा यंत्रमानव. "घालू नका. यंत्रानं नवीन काही लिहिलं, तर ते जुन्यावरच लिहिलं जाईल."

"मग काय ओवाळू त्याला?"

"मला द्या." त्यानं कार्ड तळहातावर घेतलं. "नभा, काढताना बारका दिवा लुकलुकत होता का?"

नभानं मान डोलावली.

"तेव्हा यंत्र लिहीत होतं. कार्डावर एक यादी असते, कुठला आवाज कुठं आहे ते सांगणारी. खेळ जपून ठेवताना ती यादी पुसून नव्यानं लिहिली जाते. तू मध्येच ओढलंस. आवाज असतील, पण यादी अर्धवट राहिली. म्हणून यंत्राला कार्ड रिकामं वाटतं."

मला तेवढं कळलं. आडवा धागा नेणारा धोटा उभ्या ताण्याच्या मध्यावर असताना कुणी कापड कापलं, तर असंच होणार.

"मग काढायचं कसं?" नभानं दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आधी खेळ जपून ठेवायचा, मग खेळातून बाहेर यायचं. यंत्र पूर्ण बंद करायचं. पडदा नुसता काळा झाला म्हणजे ते झोपलेलं असतं, बंद नसतं. दिवा विझलेला पाहायचा. मग कार्ड हलकेच आत दाबायचं, टक् झालं की ते आपणहून बाहेर येतं. ओढायचं नाही."

चिमट्यानं यादीविना कार्ड कण कण वाचलं. दुपार सरली. अकरा आवाज सापडले. शिरीष हसला, गायला, नभाला 'कप्तान' म्हणाला. नभा त्या दिवशी नुकतीच बाराव्या बंदराला लागली होती, तिथला आवाज ऐकायचा होता; यंत्र नेमकं ते बंदर आवाजासकट पुसून नव्यानं लिहीत होतं. तो अर्धाच उरला.

"नभी, आजीवर रागावू नकोस. ती..."

पुढं नुसती खरखर.

"पुढचं काढ," मी म्हणाले.

"पुढचं कार्डावर नाहीच, आजी."

मी पुन्हा तेच म्हणाले. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी पदर तोंडाशी धरला.

नभा हळूच म्हणाली, "जुनं न पुसता आधी नवीन बाजूला लिहिलं, तर?"

"काही यंत्रं तसंच करतात," चिमटा म्हणाला. "सगळ्यांनी तसं करावं, हे तू मोठी झाल्यावर बघ."

मी तिला समोर ओढून बसवलं.

"नभा, 'ती' च्या पुढं तुझा बाप काय म्हणणार होता, ते आता कुणालाच कळायचं नाही. मी सांगते ते ऐक. ती उतावळी आहे. तेराव्याच्या दिवशी लेकराच्या हातातलं ओढून घेणारी आहे. आणि तू, बाई, थेट तिच्यावर गेली आहेस."