एकविसाव्या ओळीतलं पाचवं घर

मी अकोल्याच्या जुन्या शहरात पंतोजी होतो आणि मोर्णेकाठच्या देवळात कीर्तनाची बैठक मांडणं माझ्याकडे होतं. अमरावतीहून बुवा येणार, म्हणून नवी सतरंजी हवी होती. त्या सालात वऱ्हाडचा सगळा कापूस मुंबईकडे चालला होता. मागांना सूत मिळेना. मी घरोघरी मागून सूत जमवलं आणि देवीदास विणकराकडे दिलं.

नक्षी माझी. मेरुप्रस्तार, आकड्यांचा त्रिकोण. कडेला एक, आत प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. विषम आली तर लाल, सम आली तर पांढरं. देवाच्या पायाशी गणित अंथरावं, एवढीच हौस.

एकविसाव्या ओळीत चार लाल घरं यायला हवी होती. तीनच आली. पाचवं घर पांढरं.

“उसव,” मी म्हटलं.

देवीदासाने धागे ठोकायचा पंजा खाली ठेवला. त्यांच्या घराण्यात लेकरामागे एक घर मुद्दाम चुकवतात म्हणे. त्याची एकुलती एक पोर, शकुन, उंबऱ्यात बसून भाकर खात होती.

“पंतोजी, ते घर पोरीचं हाय. भरलं तं तिले जागा कोठची?”

“मांडीवर घे तिले,” मी हसलो. तरी ऐकेना, तेव्हा सूत परत मागितलं.

त्याने उसवलं. लाल धागा भरेपर्यंत मी उभा राहिलो. पंज्याचा शेवटचा ठोका बसला आणि शकुन चावायची थांबली. घास तोंडात तसाच.

दुसऱ्या दिवशी ती बोलेना. तिसऱ्या दिवशी उन्हात तिची सावली लालसर दिसली. अंगणातली माती असेल, असं मी धरून चाललो.

कीर्तन दुपारचं होतं. ती गर्दीतून सरळ आली, त्याच घरावर बसली. बुवांनी प्रल्हादाचं आख्यान लावलं. माझे डोळे भरून आले.

आरतीला सगळे उठले.

घर रिकामं होतं. शकुन देवळात कुठेच नव्हती.

दारात मी स्वतः उभा होतो. कोणी बाहेर गेलं नव्हतं.

मोर्णेचे डोह तीन दिवस धुंडाळले. देवीदासाने मला शिवीसुद्धा दिली नाही. एवढंच विचारलं, “आता उसवू काय?”

मी नाही म्हटलं. बुवांनी नक्षी फार वाखाणली होती.

आता तो दर कीर्तनाला येतो. त्या घराशेजारी बसून तळहाताने ते हळूहळू थोपटतो.

बुवा श्वास घ्यायला थांबले, की तिथून सावकाश भाकर चावल्याचा आवाज येतो.