मिठागरातली हाक

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. पनवेलमधल्या एका जुन्या व्यापारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या निशा घरतच्या टेबलावर छतातून पाण्याचे चार थेंब पडले. न्हावा शेव्याला जायच्या कंटेनरचे कागद होते, त्यावर साहेबांची शाईची सही होती. शाई पसरून सहीला पाय फुटले.

निशा तिसऱ्या मजल्यावर गेली. दाराबाहेर लाल दिवा लागलेला होता. त्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. ती दार ढकलून सरळ आत शिरली.

आत भिंतींना काळा फोम, मधोमध एक माइक, माणूस कुणीच नाही.

"कोनी हाय का?" एरवी ऑफिसात ती शुद्ध बोलायची; राग आला की गावची भाषा वर यायची. आवाज मात्र रागातही वर जात नसे. "तुमचा एसी आमच्या कागदांवर गलतंय. आमी काय छत्री उघडून बसू?"

समोरच्या काचेपलीकडे हेडफोन घातलेला एक तरुण ताडकन उभा राहिला. छतातल्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"परत बोला ना."

"काय?"

"ते... छत्रीचं."

निशाला वाटलं, हा चेष्टा करतोय. ती वळली, तोच मागून एक बाई जवळजवळ धावत आली. "सत्यजीत, हिला जाऊ देऊ नकोस!"

ही दमयंती, डबिंगची दिग्दर्शिका. एक कोरियन सिनेमा मराठीत आणायचा होता. त्यातली सोरा नावाची मुलगी एका बेटावरच्या मिठागरात वाढलेली, आणि तिचा मराठी आवाज मिठागरातलाच हवा, असा दमयंतीचा हट्ट होता. चार मुलींच्या चाचण्या झाल्या होत्या. चौघीही वक्तृत्व स्पर्धेतल्यासारख्या बोलल्या.

"गाव कुठलं तुझं?"

"खाडीपलीकडचं. आमची आगरं होती मिठाची. पण मॅडम, मला अभिनय येत नाही."

"उत्तम. त्या चौघींना येत होता."

अशी सुरुवात झाली. ऑफिस सुटलं की निशा एक मजला चढायची. काम सुरू करण्याआधी बांगड्या आणि चपला काढायच्या, कारण माइक सगळं ऐकतो. मग काचेच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला सत्यजीत. खारघरचा मुलगा, आईवडील दोघंही बँकेत. हा सहा वर्षं इथं बसून लोकांचे आवाज ऐकत होता.

"आवाज जरा वर घ्या," तो म्हणायचा. "तुम्ही बोलताय आणि माझी आवाज मोजायची सुई झोपलीये."

"मग उठवा तिला."

"उठवतोय. बटण पार शेवटपर्यंत फिरवलंय. आता तुमच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येतेय."

निशानं घड्याळही काढून ठेवलं. तो काचेमागे हसला... आणि तिला उगाचच वाटलं, याला आता छातीतली धडधडही ऐकू जात असेल.

एसीखाली त्यानं बादली ठेवली होती. रोज सकाळी अकराला तो दुसऱ्या मजल्यावर उतरायचा, निशाच्या टेबलावरच्या छताकडे गंभीरपणे पाहायचा आणि निघून जायचा. गुरुवारी शेजारच्या टेबलावरची भावना म्हणाली, "अगं, तो एसी कालच दुरुस्त झाला."

निशानं त्याला संध्याकाळी गाठलं. "मग आज सकाळी काय बघायला आला होतात?"

"गळतंय का ते."

"गळत होतं?"

"नाही. पण खात्री केलेली बरी."

"उद्या पन करनार खात्री?"

"उद्या... दोनदा करावी म्हणतो."

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला शेवटचा प्रसंग लागला. डबिंग तुकड्यातुकड्यानं होतं, आवाज देणाऱ्याला त्याच्यापुरतंच चित्र दिसतं. सोरा अर्धा सिनेमा मुकी राहते, एवढंच निशाला ठाऊक होतं. तिनं सोराचे श्वास दिले होते, हुंदके दिले होते. सोरा मुकी का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

आता ते पडद्यावर आलं. भरतीची वेळ. बांधावर सोरा. पाण्यात तिचा भाऊ, आणि ती तोंडावर हात ठेवून उभी. मग त्याच बांधावर, वर्षभरानंतर, रिकाम्या पाण्याकडे पाहून ती पहिल्यांदा हाक मारते. संवादाच्या कागदावर एकच शब्द होता: "दादा!"

निशानं हेडफोन काढून ठेवला. "मला नाय जमनार," म्हणाली आणि अनवाणीच बाहेर गेली.

दमयंतीनं घड्याळ पाहिलं. उद्या दुपारी सिनेमा द्यायचा होता. "आठपर्यंत थांबते," ती म्हणाली. "नाहीतर सकाळी मुंबईहून दुसरी मुलगी बोलवावी लागेल. आणि मग सगळा आवाज तिचाच. माझा नाइलाज आहे."

निशा जिन्यात बसली होती. सत्यजीत आला तेव्हा त्याच्या एका हातात तिच्या चपला होत्या, दुसऱ्यात बांगड्या. एक पायरी सोडून तो खाली बसला.

"माझा भाऊ केतन तेरा वर्षांचा होता," निशा म्हणाली. "मी अकरा. भरतीच्या वेळी बांधावर जायचं नाय, आयनं बजावलेलं. आमी गेलो. उघाडीपाशी, जिथून खाडीचं पाणी आत घेतात ना... तिथं त्याचा पाय सरकला. पलीकडच्या आगरात चार मानसं मीठ ओढत होती. एक हाक मारली असती, तरी आली असती."

"आणि?"

"आय मारेल म्हनून गप राहिले. वाटलं, वर येईल. नेहमी यायचा. नंतर घरी सांगितलं, मी तिथं नव्हतेच, शालेत होते." ती थांबली. "आज पहिल्यांदा सांगतेय. पंधरा वर्षांनी."

आता काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं तो मोह टाळला.

"अकरा वर्षांची होतीस तू," तो म्हणाला. एवढंच.

खाली रस्त्यावरून कंटेनरचा एक ट्रेलर गेला, जिन्याचा कठडा थरथरला.

"'तू' म्हनालास मला," निशा म्हणाली.

"हो... चुकून—"

"राहू दे." ती उठली. "बांगड्या तुझ्याकडंच ठेव."

सात वाजून पंचवीस मिनिटांनी ती पुन्हा माइकसमोर उभी राहिली. काचेतून तिला सत्यजीतचा हात दिसला. चार दिवस वर वर नेलेलं बटण तो खाली आणत होता. अर्ध्यावर, मग अर्ध्याच्याही खाली.

"खाली का घेतोस? माझा आवाज येनार नाय त्यात."

"मोठा आवाज येणार आहे," तो शांतपणे म्हणाला. "फुटायला नको."

निशा त्याच्याकडे पाहत राहिली. मग दमयंतीकडे वळली. "मॅडम, दादा नको. आमच्याकडं दादूस म्हनतात."

"सोराच्या ओठांना बसतंय. म्हण."

पडद्यावर बांध आला. पाणी आलं. सोरानं श्वास घेतला. निशानंही घेतला.

"दादूऽऽऽस!"

फोम, काच, दार, काहीच त्या हाकेला आडवं आलं नाही. सुई लाल रेघेपर्यंत गेली आणि तिथंच थरथरत राहिली. रेघ ओलांडली नाही. दमयंतीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"झालं," ती म्हणाली. "दुसरा टेक नको."

तेवढ्यात दार उघडून इमारतीचे वॉचमन धर्मराजकाका धापा टाकत आत आले. "कोन पडलं? कोन पडलं?"

"कोनी नाय, काका," निशा म्हणाली आणि हसली. डोळे वाहत होते आणि हसू थांबत नव्हतं. इतक्या मोठ्यानं हसल्याचं तिला आठवत नव्हतं. काका मात्र खुर्च्यांच्या मागे वाकून खात्री करून गेले.

जिन्यात सत्यजीतनं बांगड्या परत दिल्या. एक देताना जरा उशीर केला.

"सहा वर्षं आवाज ऐकतोय," तो म्हणाला. "घरी गेलो की एकही आठवत नाही. तुझा आठवतो. मला तो... रविवारीपण ऐकायचाय."

"रविवारी स्टुडिओ बंद असतो."

"म्हणूनच तर."

निशानं बांगडी चढवली. "रविवारी आयला बांधावर नेऊन सगलं सांगनार हाय. ये तू. लांब उभा राहा. पन ये."

"कुणी विचारलं, हा कोण, तर?"

"तवाचं तवा बघू."

रविवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. भरती चढत होती. उघाडीपाशी निशा आणि तिची आई चंद्रावती उभ्या होत्या. पन्नास पावलांवर, मिठाच्या पांढऱ्या ढिगाशेजारी, मोटारसायकलला टेकून सत्यजीत.

"तो कोन?" चंद्रावतीनं विचारलं.

"सांगते, आय. त्याच्या आधी दुसरं सांगायचं हाय." निशानं आईचा हात धरला. "केतन गेला तवा मी शालेत नव्हते. मी हितंच होते."

ती मोठ्यानं बोलत गेली. वारा उलटा असूनही, हेडफोनशिवाय, सत्यजीतला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

सात वाजून चाळीस मिनिटांनी निशाचं सांगून झालं. मुलीचा हात चंद्रावतीनं सोडलेला नव्हता.